वस्तीत कोंबडा पाळताना: बांग, खुराडे आणि बिबट

कोंबडीने अंडी देण्यासाठी कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्ले काढण्यासाठी. घर दाट वस्तीत असेल आणि अंडी फक्त खाण्यासाठी हवी असतील, तर नर न ठेवणेच बरे. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची असतील तर 8 ते 10 माद्यांमागे 1 नर पुरतो. नर काढून टाकल्यावरही साधारण आठवडाभर फलित अंडी मिळतात. त्यामुळे हिवाळ्यात पिल्ले काढून उन्हाळ्यापूर्वी नर विकणे वस्तीतल्या माणसाला सोयीचे पडते.

पहाटेची बांग

कोंबडा उजेड पाहूनच आरवतो हे अर्धेच खरे आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवले की, सतत मंद उजेडात ठेवलेले नरही शरीरातील घड्याळाप्रमाणे ठरलेल्या वेळी आरवतात. कळपातील वरचढ नर आधी बांग देतो, बाकीचे त्याच्यामागून. म्हणजे दोन नर ठेवले की आवाज लांबतो. जास्तीचे नर वयात येताच, चार-पाच महिन्यांचे असतानाच विकून टाका.

शेजाऱ्याची तक्रार हसण्यावारी नेऊ नका. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. केरळमधील अडूर येथे 2025 मध्ये पहाटे 3 वाजता आरवणाऱ्या कोंबड्याची तक्रार महसूल अधिकाऱ्यांपर्यंत गेली आणि शेजाऱ्याच्या खोलीलगतचे खुराडे हलवण्याचा आदेश निघाला. कोंबडा मात्र राहिला. आपणही आधी जागाच बदलून पाहा: खुराड्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको, आपल्या घराकडे असू द्या.

खुराडे पक्के हवे

चंद्रपूर-गडचिरोलीत आवाजापेक्षा मोठा प्रश्न रात्रीचा आहे. कोंबड्या आणि त्यांच्या मागावर येणारी कुत्री, दोन्ही बिबट्याचे सोपे भक्ष्य. चंद्रपूरलगतच्या दुर्गापूर परिसरात 2022 मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यात लहान मुलगाही होता. तेव्हा डालग्याखाली झाकलेल्या किंवा झाडावर बसणाऱ्या कोंबड्या जंगलालगतच्या वस्तीत चालणार नाहीत.

विटांच्या भिंती, खाली फरशी, वर पक्के छत आणि बाहेरून कडी, असे खुराडे घराच्या भिंतीला लागून बांधा. हवेसाठी वेल्ड जाळी लावा. कोंबड्यांची नेहमीची पातळ जाळी कोंबड्या आत ठेवते, बिबट्याला बाहेर ठेवत नाही. जाळीची भोके अर्ध्या इंचाची असली तर मुंगूस आणि मोठे सापही अडतात. हिवाळ्यात जाळीवर गोणपाट सोडल्यास उजेड उशिरा शिरतो आणि बांगेचा आवाजही थोडा दबतो.

पण उन्हाळ्यात हे करू नका. आपल्याकडे पारा 45 अंशांपुढे जातो, बंद अंधाऱ्या खुराड्यात पक्षी एका रात्रीत मरतील. एप्रिल-मेमध्ये समोरासमोरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवा आणि आवाज होणार हे शेजाऱ्याला आधीच सांगा. अंडी दिली तर बोलणे सोपे जाते.

रात्री कोंबड्या ओरडल्या तर लगेच दार उघडून बाहेर जाऊ नका. आतूनच दिवा लावा, खिडकीतून बॅटरी मारा, भांडी वाजवा. मुलांना पाहायला पाठवणे तर नाहीच. बिबट खुराड्यात अडकला असेल तर गर्दी करू नका. वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. कापलेल्या कोंबडीची आतडी-पिसे परसात टाकू नका, पुरून टाका.

रोग आणि मेलेले पक्षी

मानमोडी (राणीखेत) टाळण्यासाठी पिल्लांना 5 ते 7 व्या दिवशी लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून द्या. कोंबडबाजारात झुंजवलेला नर घरी आणू नका. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 नुसार झुंज लावणे गुन्हा आहेच, पण गावोगावचे पक्षी एकत्र आल्याने रोगही तिथूनच घरी येतो.

जानेवारी 2025 मध्ये ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा येथे चंद्रपूरहून नेलेले 3 वाघ आणि 1 बिबट याच रोगाने दगावल्याचे निदान झाले. मेलेली कोंबडी जंगलाच्या कडेला किंवा नाल्यात फेकण्याची सवय म्हणूनच घातक. एकाएकी दोन-चार पक्षी मेले तर त्यांना उघड्या हाताने न धरता पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवा. ते येईपर्यंत उरलेले पक्षी खुराड्यातच ठेवा, विकू नका आणि कापूही नका.