खुबा मोडला, त्यात पाच दिवस गेले

हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना 'म्हणजे बघा' जरा जास्तच झालं होतं, तेवढं काढलंय. बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय घरातून आलाय. दोन वर्षांपूर्वी माझी आजी पहाटे मोरीत पाय घसरून पडली. वय 81. उजवा खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन करू. आणि आमच्या घरात चर्चा सुरू झाली. "या वयात चिरफाड कशाला?" "वजन लावून बघू, जुळेल हाड." "काकांना येऊ देत, मग ठरवू." यात पाच दिवस गेले. नंतर ऑपरेशन झालं, एक्स-रे छान आला. पण आजी पुन्हा कधी एकटीने जिना उतरली नाही. हाड जुळलं होतं, मांडीत जोर उरला नव्हता.

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात होता. आम्ही सगळे शिकलेले. मग 'थांबणं' आम्हाला सुरक्षित का वाटलं? याचं उत्तर मला इतिहासात सापडलं.

1822 साली लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी सांध्यांच्या मोडतोडीवर एक ग्रंथ लिहिला. खुब्याचं हाड सांध्याच्या पिशवीच्या आत मोडलं, तर ते सहसा जुळत नाही, हे त्यांनी नीट मांडलं. कारण रक्तपुरवठा. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मुख्यतः खालून, हाडाच्या मानेवरून वर जातं. मान मोडली की ती वाटच तुटते. पिशवीच्या बाहेर मोडलेलं हाड मात्र जुळतं. हा फरक डॉक्टर आजही पाहतात. कूपर यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. म्हाताऱ्या पेशंटला फार दिवस झोपवून ठेवू नका, थोड्या दिवसांनी खुर्चीत बसवा, कुबड्या द्या. हाडाच्या मागे लागून माणूस गमावू नका, असा त्याचा मथितार्थ.

पण हाड जुळवण्याचा मोह सुटणार कसा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे रॉयल व्हिटमन यांनी पाय बाजूला फाकवून, छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालायची पद्धत आणली. काही हाडं खरंच जुळली. पण माणूस महिनोन्‌महिने त्या प्लास्टरमध्ये. न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या. आपल्याकडे 'अंथरूण धरलं' असं म्हणतात ना, तेच. फरक इतकाच की इथे अंथरूण डॉक्टरांनी दिलेलं होतं.

मग आला खिळा. 1925 मध्ये बोस्टनचे मारियस स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांचा धातूचा खिळा हाडात ठोकायला सुरुवात केली. पात्यांमुळे मोडलेला तुकडा गरगर फिरत नाही. 1931 मध्ये त्यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या स्वेन योहान्सन यांनी तो खिळा पोकळ केला. आधी बारीक तार घालायची, एक्स-रेवर जागा तपासायची, मग तारेवरून खिळा सरकवायचा. 1940 मध्ये ऑस्टिन मूर आणि हॅरोल्ड बोलमन यांनी एका पेशंटच्या मांडीच्या हाडाचा वरचा भागच धातूचा बसवला. मूर यांचा पुढचा धातूचा गोळा भारतातही कित्येक दशकं बसवला गेला. ऑर्थोपेडिक वॉर्डात तो 'ऑस्टिन मूर' याच नावाने ओळखतात.

या सगळ्याचा मोठा फायदा कोणता? मला वाटायचं, हाड जुळणं. पण म्हाताऱ्या माणसासाठी खरा फायदा हा, की तो पलंगावरून उठू शकला.

पलंग एवढा वाईट असतो? 1947 मध्ये ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी झोपून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. 1948 मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. चार धडधाकट तरुणांना कमरेखाली प्लास्टर घालून सहा-सात आठवडे झोपवलं होतं. त्यांच्या लघवीतून नायट्रोजन वाढून जाऊ लागला, म्हणजे शरीरातली प्रथिनं, मुख्यतः स्नायू, झिजत होते. हे तरुण होते आणि त्यांचं काहीही मोडलेलं नव्हतं! 2007 च्या एका अभ्यासात निरोगी वयस्कर लोकांना दहा दिवस झोपवलं. दोन्ही पायांतलं मिळून जवळपास एक किलो मांस गेलं. आता यात मोडलेलं हाड, वेदना, सूज आणि तोंडाची गेलेली चव मिळवा. वयानुसार स्नायू झिजण्याला 'सार्कोपेनिया' हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी 1988 साली दिलं. म्हणजे आजीच्या मांडीत मुळातच शिल्लक कमी होती. आम्ही चर्चा करत होतो आणि ती खर्च होत होती.

म्हणून वेळेचा प्रश्न. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जच्या मायकेल डेव्हस यांनी 1950-60 च्या दशकांत हाडाचे आणि वार्धक्याचे डॉक्टर एकाच वॉर्डात आणले. 2010 मध्ये तिथल्या सरकारने 36 तासांच्या आत ऑपरेशन आणि इतर काही गोष्टी पाळणाऱ्या हॉस्पिटलला जास्त पैसे देणं सुरू केलं.

मग जितकं लवकर तितकं बरं? इथे थोडं थांबूया. 2020 मध्ये 17 देशांतल्या 2970 पेशंटचा अभ्यास आला, त्यात भारतही होता. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण 6 तासांत, दुसऱ्याचं 24 तासांत. तीन महिन्यांत मृत्यू 9 टक्के आणि 10 टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. पण लवकरच्या गटात भ्रम होणं कमी, आणि माणसं लवकर उभी राहिली. तेव्हा सहा तास हुकले म्हणून घाबरायचं कारण नाही. पण आमच्यासारखे पाच दिवस घालवायचे नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, छातीत संसर्ग असेल, तर डॉक्टर कारणासाठी थांबतात. आमच्या थांबण्याला कारण नव्हतं, फक्त निर्णय होत नव्हता.

आणि ऑपरेशन झालं म्हणजे संपलं, हीही आमची चूक. शक्य तर दुसऱ्या दिवशी उभं करणं, रोजचा व्यायाम, पोटात पुरेशी प्रथिनं, हे सगळं उपचारच आहेत. आम्ही मात्र प्रेमाने म्हणत होतो, "आजी, तू पडून राहा गं, आराम कर."

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या सासूबाई पडल्या. रात्री फोन आला. मी म्हटलं, डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा. उद्या ऑपरेशन होऊ शकतं का, आणि नसेल तर नेमकं कशासाठी थांबायचं? ऑपरेशननंतर उभं कधी करणार? ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. परवा त्या वॉकर घेऊन आमच्या दारापर्यंत आल्या. आजी तिच्या वॉकरवर गॅलरीत होती. दोघींनी बराच वेळ एकमेकींच्या वॉकरला नावं ठेवली.

आजच्यापुरतं एवढंच. घरात कुणी साठीच्या पुढचं असेल, तर हा भाग त्यांच्या मुलांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!