पाच वर्षांनी पुन्हा या

गायस मारियस हा रोमचा नामांकित सेनापती. सात वेळा कॉन्सल झालेला. त्याच्या दोन्ही पायांवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांचं जाळं होतं. प्लुटार्कनं त्याच्या चरित्रात लिहून ठेवलंय, की या शिरा कापून घेताना मारियसनं स्वतःला बांधून घ्यायला नकार दिला आणि एक पाय पुढे केला. भूल हा प्रकारच तेव्हा नव्हता. त्यानं हूं की चूं केलं नाही. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला, तेव्हा मात्र मारियसनं त्याला थांबवलं. एवढं सोसून जे पदरात पडतंय ते त्या मोलाचं नाही, असा त्याचा हिशेब झाला होता.

ही गोष्ट सहसा मारियसच्या धैर्याची म्हणून सांगितली जाते. मला ती वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. उपचार फायद्याचा ठरला की नाही, याचा निवाडा इथे वैद्यानं नव्हे, रुग्णानं केला. हाच प्रश्न पद्धतशीरपणे विचारायला वैद्यकाला पुढे जवळजवळ दोन हजार वर्षं लागली.

या शिरांना आपण सर्रास ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतो. एसटीचे वाहक, न्हावी, वर्गात दिवसभर उभ्यानं शिकवणारे शिक्षक यांच्या पोटऱ्यांवर त्या आपण पाहिलेल्या असतात. (दोष एकट्या उभं राहण्याचा नाही. घराण्यात असणं, बाळंतपणं, वय यांचाही वाटा असतो.) पायातलं रक्त चढ चढून हृदयाकडे जायचं असतं आणि ते मागे घसरू नये म्हणून शिरांमध्ये जागोजाग झडपा असतात. पडुआच्या फाब्रिसियसनं १६०३ साली या झडपांवर पुस्तक लिहिलं. त्या कशासाठी आहेत हे मात्र त्याच्या शिष्याला, विल्यम हार्वेला, उमगलं. झडप निकामी झाली की रक्त उलटं उतरतं, खाली साचतं, शीर फुगते. पाय जड होतात, ठणकतात. घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि काहींना तिथे अशी जखम होते, जी महिनोन्‌महिने भरत नाही. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे, तो यासाठी.

१८९० च्या सुमारास जर्मनीतल्या बॉन इथे फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या शल्यचिकित्सकानं मांडीतली मुख्य शीर बांधून टाकायला सुरुवात केली. वरचा नळ बंद केला की खालचं गळणं थांबेल, असा त्यामागचा विचार. पुढे अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी १९०५ ते १९०७ या तीन वर्षांत अख्खी शीर ओढून काढायच्या तऱ्हा शोधल्या. बॅबकॉकची तर शिरेच्या आतून लवचीक सळई घालून तिच्यासकट शीर उपसायची. ही तऱ्हा थोड्याफार फरकानं शंभर वर्षं टिकली.

दुसरा पंथ इंजेक्शनवाल्यांचा. शिरेत दाहक औषध सोडायचं, म्हणजे ती आतून चिकटून बंद होते. एकोणिसाव्या शतकात याचे प्रयोग इतके वाईट झाले, की १८९४ साली लियोंच्या शल्यपरिषदेनं ही पद्धत धिक्कारली. तिला पुन्हा जीव आला तो अपघातानं. फ्रान्समध्ये सिकार या डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की सिफिलिसचं औषध शिरेत टोचलं की ती शीरच बंद होते. एका रोगातला उपद्रव दुसऱ्या रोगावरचा उपाय ठरला.

दोन्ही पंथांकडे आपापले बरे झालेले रुग्ण होते, पण ते बरे कधीपर्यंत राहिले, हे कोणी विचारत नव्हतं.

१९६३ साली डब्लिनचे जॉर्ज फेगन यांनी इंजेक्शनची सुधारलेली पद्धत प्रसिद्ध केली. शीर रिकामी करून औषध टोचायचं, पाय आवळून बांधायचा, पट्टी काही आठवडे ठेवायची आणि रुग्णानं घरी जाऊन भरपूर चालायचं. खाट नको, भूल नको. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत तेव्हा या शस्त्रक्रियेसाठी लांबलचक प्रतीक्षायाद्या होत्या. फेगनची पद्धत म्हणजे त्यांना वरदानच वाटलं असणार.

आता मात्र काळ बदलला होता. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ सालच्या चाचणीपासून ब्रिटनमध्ये चिठ्ठ्या टाकून रुग्णांची वाटणी करायची रीत रुजली होती. कोणाला सुरी आणि कोणाला सुई, हे डॉक्टरच्या मनावर सोडायचं नाही. सोडलं, तर तो सोपे रुग्ण आपल्या आवडत्या उपचाराकडे वळवणार. मुद्दाम नव्हे, पण वळवणार. शँट आणि सहकाऱ्यांनी अशी चिठ्ठ्यांची चाचणी करून १९७२ मध्ये तीन वर्षांनंतरचा निकाल छापला. पुन्हा उपचार घ्यावे लागलेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात शंभरात १४, इंजेक्शनच्या गटात २२. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, इतका लहान. त्याच गटानं खर्चाचाही हिशेब मांडला आणि इंजेक्शन कितीतरी स्वस्त पडत होतं. सरकारी खजिन्याच्या दृष्टीनं निकाल लागल्यातच जमा होता.

पण या मंडळींनी दप्तर बंद केलं नाही. त्याच रुग्णांना पाच वर्षांनी पुन्हा गाठलं. १९७८ साली आकडे आले: शस्त्रक्रियेत २४, इंजेक्शनमध्ये ४०. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात हॉब्ज यांनीही सुमारे पाचशे रुग्णांमध्ये असंच पाहिलं. पहिल्या वर्षी इंजेक्शनचे पाय सुरेख दिसायचे, सहाव्या वर्षापर्यंत मुख्य शीर बिघडलेल्यांमध्ये शस्त्रक्रिया पुढे निघून गेलेली असायची. बारीकसारीक शिरांना मात्र इंजेक्शन पुरत होतं. रुग्ण तेच, उपचार तेच. विचारायची वेळ बदलली आणि उत्तर बदललं.

शल्यचिकित्सकांना यातून आनंद झाला असेल, पण त्यांच्या घरातही वाद होताच. पायातली हीच लांब शीर हृदयाच्या बायपाससाठी वापरतात. १९६७ नंतर ती शस्त्रक्रिया फैलावली, तेव्हा काहींना वाटू लागलं, की शीर उपटून फेकण्याऐवजी जांघेत नुसती बांधावी; पुढेमागे उपयोगी पडेल. शिवाय ओढताना कातडीचे ज्ञानतंतू दुखावण्याची भीती असते. युक्तिवाद तसा बिनतोड. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला त्याची परीक्षा झाली. १९९९ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष छापले गेले. शीर काढलेल्या ५२ पायांपैकी तिघांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती, नुसती बांधलेल्या ५८ पैकी बारांवर. बांधलेल्या जागेला वळसा घालून शरीर नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार करतं, हेही तोवर कळलं होतं. तुंबलेला ओढा बांधाशेजारून वाट काढतो, तसंच हे. नुसती गाठ त्याला अडवू शकत नव्हती.

त्याच सुमारास सोनोग्राफीचं यंत्र आलं होतं आणि उलटं वाहणारं रक्त पडद्यावर दिसू लागलं होतं. मग शीर ओढून काढण्याऐवजी लेझरनं किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनं आतून जाळून बंद करायची पद्धत निघाली. इंजेक्शनचं औषधही फेसाच्या रूपात देऊ लागले. नवं यंत्र आलं की जाहिराती आधी येतात, पुरावा मागून. इथे पुरावा आला खरा. ब्रिटनमधल्या अकरा रुग्णालयांत ७९८ रुग्णांवर लेझर, फेस आणि जुनी शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. २०१४ साली सहा महिन्यांचा निकाल आला, २०१९ साली पाच वर्षांचा. लेझर आणि शस्त्रक्रिया दोघी फेसापेक्षा सरस ठरल्या.

या तुलनेत शीर बंद राहिली का, एवढंच मोजलं नव्हतं. अॅबर्डीनमध्ये १९९३ साली एक प्रश्नावली तयार झाली होती. तिच्यात पायांचं रेखाचित्र असतं आणि रुग्णानं स्वतःच्या शिरा त्यावर काढून दाखवायच्या असतात. दुखणं किती, गोळ्या किती लागतात, कपडे निवडताना अडचण होते का, असे प्रश्न. मारियसचा हिशेब आता छापील कागदावर आला होता.

न भरणाऱ्या जखमांचं उत्तर त्या मानानं लवकर मिळालं. २००४ मध्ये पाचशे रुग्णांच्या चाचणीत दिसलं, की नुसत्या पट्ट्या बांधल्यावर वर्षभरात २८ टक्के जखमा पुन्हा झाल्या, शस्त्रक्रियेची जोड दिल्यावर १२ टक्के. जखम भरण्याचा वेग मात्र सारखाच राहिला. पुढे २०१८ साली ४५० रुग्णांमध्ये शिरेवर लगेच उपचार केले, तेव्हा जखमा भरायला ५६ दिवस लागले. थांबून केले त्यांना ८२.

सध्याची नवलाई म्हणजे शीर गोंदानं चिकटवणं. गोंद फेविक्विकच्या कुळातला. अमेरिकेत २२२ रुग्णांमध्ये चिठ्ठ्या टाकून त्याची रेडिओलहरींशी तुलना झाली. पाच वर्षांचा निकाल २०२० साली छापून आला आणि गोंद कमी पडला नाही, असं त्यात म्हटलं आहे. तेव्हा तपासणीला परत आलेले मूळ वाटणीतले रुग्ण होते ऐंशी.