ट्रकाचं फाउंडेशन

पवनार म्हटलं की बाहेरच्या माणसाला धाम नदी आणि विनोबांचा आश्रम आठवतो. आम्हा शेतकऱ्यांना गावाजवळून जाणारा नागपूर-वर्धा रस्ताही तितकाच आठवतो. बंडीनं नेलेला कापूस जिनिंगमध्ये गेला, की पुढं त्याच्या गठाणी ट्रकानंच जात. त्या ट्रकांचा एक इतिहास आहे आणि तो कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे धावणारे बरेच ट्रक पेट्रोलवरचे होते. डॉज, फार्गो, शेवरोले अशी त्यांची नावं. डॉज-फार्गो मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जुळत. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून डिझेल ट्रक यायला लागले. डिझेल स्वस्त, अन् एका लिटरमध्ये गाडी जायचीही जास्त. पण नवा ट्रक घ्यायची ऐपत किती जणांची? मग जुन्या चासीत डिझेल इंजिन बसवायचा धंदा वाढला. इंग्लंडच्या पर्किन्सचं १९३७ सालचं पी-६ इंजिन यासाठी नावाजलेलं. तेच पुढं मद्रासला सिम्प्सन कंपनी बनवू लागली. १९७३ साली अरबांनी तेल अडवलं, पेट्रोल भडकलं, तेव्हा राहिलेले पेट्रोलवालेही डिझेलकडे वळले.

आमच्या काकांचा फार्गो त्यातलाच. दोन एकर गहाण टाकून त्यांनी जुनं डिझेल इंजिन घेतलं. एका गॅरेजात ते बसवलंही. पण इंजिन ज्या रबरांवर बसतं, ज्याला मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात, ती मिळाली नाहीत, म्हणून जुन्या टायरचे तुकडे कापून खाली सरकवले. गाडी सुरू झाली, नारळ फुटला. महिनाभरात पंखा रेडिएटरला घासला, सायलेन्सरचा पाइप तुटला आणि ऐन कापसाच्या हंगामात ट्रक उभा राहिला. व्याज मात्र उभं राहत नाही.

वर्ध्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं गाडी पाहिली. म्हणाला, "भाऊ, इंजिन तं बसवलं, पण त्याले गादी कुठी दिली तुमी?"

पूर्वी इंजिन सरळ चासीला बोल्टानं आवळत. १९३१ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं प्लायमाउथ मोटारीत ते रबरावर तोललं आणि थरथर माणसापर्यंत येईनाशी झाली. डिझेलचा धक्का पेट्रोलपेक्षा दांडगा, वजनही जास्त. पेट्रोल इंजिनाचं मऊ रबर त्याखाली दबतं, इंजिन खाली बसतं आणि प्रोपेलर शाफ्टची लाइन चुकते. फार कडक रबर दिलं, तर सगळा धक्का चासीत जाऊन ब्रॅकेटला चिरा पडतात. टायरच्या तुकड्याची गोष्ट तर वेगळीच. तो फक्त दाब सोसतो. खऱ्या फाउंडेशनात रबर लोखंडी पट्टीला पक्कं चिकटवलेलं असतं, म्हणून ते उचलणाऱ्या इंजिनाला धरूनही ठेवतं.

मिस्त्रीनं आधी गिअरबॉक्सची लाइन घेतली, मग त्या हिशेबानं नवे ब्रॅकेट जोडले आणि इंजिनाच्या वजनाची रबरं नागपूरहून मागवली. इंजिनापासून चासीला अर्थिंगची जाड पट्टीही लावली. रबरातून करंट जात नाही. पट्टी नसली, तर स्टार्टरचा करंट क्लचच्या तारेतून वाट काढतो अन् तार जळते. शेवटी पहिला गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच जरासा सोडायला लावला आणि स्वतः बॉनेटपाशी उभा राहिला. इंजिन किंचित झुकलं, उचललं नाही. "आता न्या."

त्यानंतर ट्रक पुष्कळ वर्षं चालला. दोन हंगामांत दोन एकर सुटले. ते वावर आजही आमच्या घरात आहे.

पुढं कारखान्यातूनच डिझेल गाड्या येऊ लागल्या आणि ते मिस्त्रीही गेले. पण जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकणारे गावोगाव अजून आहेत. इंजिनाचा भाव ठरवताना ब्रॅकेट आणि रबरांचा खर्च त्यात आधीच धरावा. इंजिनापुढं तो खर्च थोडाच असतो.