थॅलिडोमाइड दुर्घटना

थॅलिडोमाइड हे शामक व निद्राकारक औषध गरोदर स्त्रियांनी घेतल्यामुळे १९५७–६२ या काळात जगभर सु. १०,००० बालके जन्मजात व्यंगे घेऊन जन्मास आली. त्या घटनेस ही संज्ञा देतात.

पश्चिम जर्मनीतील ग्र्यूनेंटाल कंपनीने १९५४ मध्ये तयार केलेले हे औषध १ ऑक्टोबर १९५७ पासून ‘कोंटेरगान’ या नावाने विक्रीस आले. ते वैद्याच्या चिठ्ठीशिवायही मिळे. बार्बिच्युरेटांचा अतिरेकी डोस प्राणघातक ठरतो. याउलट थॅलिडोमाइडच्या मोठ्या डोसानेही उंदीर मरत नसत. त्यामुळे ते संपूर्ण निर्धोक असल्याची जाहिरात झाली आणि गरोदरपणातील मळमळीवरही ते दिले जाऊ लागले. तीव्र विषारीपणा नसणे म्हणजे निर्धोकपणा नव्हे, हा भेद त्या वेळी दुर्लक्षिला गेला. विक्री सुरू होण्यापूर्वीच, डिसेंबर १९५६ मध्ये, कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या घरी कानांविना बालिका जन्मली होती. परंतु तिचा औषधाशी असलेला संबंध तेव्हा कोणाच्या ध्यानी आला नाही.

पहिली शंका आली ती गर्भाविषयी नव्हे. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या प्रौढांच्या हातापायांस मुंग्या व बधिरता येत असल्याचे ब्रिटनमधील एका वैद्याचे पत्र डिसेंबर १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांच्यापुढे परवान्याचा अर्ज याच सुमारास विचाराधीन होता. क्विनिनाचे विघटन प्रौढ सशाप्रमाणे त्याच्या गर्भास करता येत नाही, हे त्यांनी पूर्वी संशोधनात पाहिले होते. तंत्रिकांना इजा करणारे द्रव्य गर्भास कसे बाधणार नाही, याचा पुरावा त्यांनी मागितला. कंपनीच्या सततच्या तगाद्यास न जुमानता त्यांनी परवानगी रोखून धरली.

दरम्यान पश्चिम जर्मनीत लांब हाडे न वाढल्याने पंजे जणू खांद्यालाच जोडलेली बालके वाढत्या संख्येने आढळू लागली. हँबर्गचे बालरोगतज्ज्ञ व्हिडुकिंट लेन्झ यांनी घरोघर मातांची चौकशी करून समान धागा शोधला व नोव्हेंबर १९६१ मध्ये कंपनीस इशारा दिला. ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनीही स्वतंत्रपणे हाच संशय व्यक्त केला. त्याच महिन्याच्या अखेरीस जर्मनीतील विक्री थांबली. जपानमध्ये मात्र ती सप्टेंबर १९६२ पर्यंत चालू राहिली. गर्भधारणेनंतरच्या सु. २० ते ३६ दिवसांत घेतलेली एखादी गोळीही पुरेशी ठरे, म्हणजे पुष्कळदा स्त्रीस गरोदरपणाची खात्री होण्याआधीच.

वारेमुळे गर्भ बाह्य द्रव्यांपासून सुरक्षित राहतो, असा समज वैद्यकात रूढ होता. वास्तविक मातेच्या जर्मन गोवराने गर्भास इजा होते, हे ग्रेग यांनी १९४१ मध्येच दाखविले होते. अमेरिकेने ऑक्टोबर १९६२ मध्ये औषधाची परिणामकारकता सिद्ध करण्याची सक्ती करणारा कायदा केला. ब्रिटनमध्ये १९६४ पासून दुष्परिणाम कळविण्यासाठी पिवळी पत्रिका आली. जर्मनीतील खटला १९७० मध्ये तडजोडीने मिटला आणि कंपनीने क्षमा मागितली ती २०१२ मध्ये.

हे औषध पेशींतील सेरेब्लॉन या प्रथिनास चिकटते, असे जपानी संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. त्यामुळे अवयवनिर्मितीस आवश्यक अशा काही प्रथिनांचा नाश होतो. उंदरांत ही क्रिया क्षीण असल्याने त्यांच्यावरील चाचण्या फसव्या ठरल्या.

कुष्ठरोगातील वेदनादायक गाठींवर हे औषध गुणकारी असल्याचे १९६४ मध्ये जेरूसलेम येथे आढळले. पुढे अस्थिमज्जेच्या कर्करोगावरही ते वापरात आले. ब्राझीलमध्ये कुष्ठरोगासाठी दिलेल्या गोळ्या इतर स्त्रियांच्या हाती पडून १९६५ नंतरही व्यंगयुक्त बालके जन्मली.