आजोबांची रायफल, जुनी काडतुसे : 'एक बार काढून बघू' नको!

वारसाने आलेल्या शिकारीच्या रायफलीसोबत बहुधा जुनी काडतुसेही मिळतात. ती चालतात का, हे बार काढूनच बघायचा मोह होतो. धोका तिथेच असतो.

कवच : काडतुसाचे कवच पितळेचे. ओल आणि अमोनिया लागला की ते तडकते. ब्रिटिश फौजेने भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे अशीच तडकली होती. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये उलगडले. असे कवच फाटले तर तापलेला वायू थेट तोंडावर येतो.

नुसता 'खट्' : चाप ओढूनही बार झाला नाही, तर दारू काही क्षणांनी पेटू शकते. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबावे, बोल्ट लगेच उघडू नये.

दबका आवाज : गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरा बार काढला तर नळी फुटते.

नळी : काळ्या दारूसाठी घडवलेल्या नळीला बिनधुराच्या दारूचा दाब झेपत नाही.

कायदा : शस्त्र अधिनियम १९५९ केंद्राचा असल्याने बेळगाव, गोवा, कोल्हापूर सगळीकडे तोच लागू. वारसाकडे स्वतःचा परवाना नसेल तर कलम २१ नुसार रायफल आणि काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. नेण्याआधी ठाण्यात कळवावे. परवाना मिळाला तरी जुनी काडतुसे वापरू नयेत. रायफल मात्र जाणत्या बंदूक-कारागिराकडून तपासून घ्यावी.