अमीर अली आणि आमची भीति

कांहीं पुस्तकें अशीं असतात कीं, तीं आवडतात हें सांगतांना जीभ अंमळ अडखळते. फिलिप मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ ही १८३९ सालीं निघालेली कादंबरी त्यांपैकींच एक. तरुणपणीं आम्हीं ती दोन रात्री जागून वाचिली होती. परवां पुन्हां हातीं घेतली, तों पन्नाशी उलटल्यावरहि अंगावर कांटा उभा राहिलाच.

वाटेंत भेटलेले गोडबोले सोबती, मुक्कामावर रंगलेलें गाणें, जवळच आधींपासून खणून ठेविलेली खांच, आणि ‘तंबाखू आणा’ हे साधे शब्द कानीं पडतांच गळ्याभोंवतीं आवळला जाणारा रुमाल! भुताखेतांवांचून एवढें भय उभें करणारी कथा विरळा. त्यांतहि अमीर अली मोठा सभ्य व बोलका. आपले सातशें एकोणीस खून तो व्यापाऱ्यानें खातेवही वाचावी तसा सांगतो.

परंतु वाचतां वाचतां मन खटकतें. जी भवानी आमच्या घरोघरच्या कुळधर्मांत आहे, जिच्या नांवाचा मंडप कोल्हापूरच्या मध्यभागीं उभा आहे, ती येथें मुख्यतः गळा आवळणारांची देवता होऊन येते. आणि कबुली ऐकणारा साहेब तेवढा न्यायाचा पुतळा! टेलर कांहीं ऐकीव गोष्टींवर लिहिणारा नव्हता. त्यानें निजामाच्या चाकरींत आयुष्य घालविलें. पुढें तुळजापुराजवळच्या नळदुर्गाचा कारभारहि पाहिला. तरीहि राज्यकर्त्याचा चष्मा त्याच्या डोळ्यांवरून उतरला नाहीं.

खरी अस्वस्थता मात्र पुस्तकाबाहेरची आहे. १८३६ च्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें हाच जन्मठेपेस पुरेसा अपराध ठरला. १८७१ च्या कायद्यानें त्याच वाटेनें जाऊन अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची सोय केली. आमच्या करवीर संस्थानांतहि कांहीं जातींच्या लोकांस हजेरी द्यावी लागे. ती शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं बंद केली; आणि जग ज्यांस चोर म्हणे, त्या फांसेपारध्यांस सोनतळीस आपल्या पहाऱ्यावर नेमिलें. १८७१ चा तो कायदा रद्द होण्यास मात्र १९५२ साल उजाडावें लागलें.

आतां पुन्हां कादंबरीकडे वळूं. अमीर अली ठगाच्या पोटीं जन्मलेला नाहीं. ठगांनीं ज्या आईबापांस मारिलें त्यांचें तें पोर; टोळीच्या एका म्होरक्यानें त्यास वाढविलें व आपली विद्या शिकविली. अखेरीस त्यास कळतें कीं, अजाणतां आपण आपल्याच बहिणीचा जीव घेतला. गुन्हेगार जन्मत नाहीं, तो घडविला जातो, हें याहून स्पष्ट कोणीं सांगावें? जातीवरून माणूस चोर ठरविणाऱ्या कायद्यास टेलरच्याच कथेनें, तो होण्यापूर्वीं बत्तीस वर्षें, उत्तर देऊन ठेविलें होतें.

म्हणून वाचकांस आम्ही एवढेंच विनवितों: पुस्तक अवश्य वाचावें, मनसोक्त भ्यावें, परंतु अंगावर येणारा कांटा कोणाच्या नांवानें येतो, हेंहि एकदां तपासून पाहावें.