रेडिएशन टॉवरचे जास्त की खिशातल्या मोबाइलचे? जाणून घ्या नेमकी माहिती

किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशीम) : गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला की रेडिएशनची चर्चा सुरू होते. पण टॉवरला नावे ठेवणारा माणूस रात्री मोबाइल उशाखाली ठेवूनच झोपतो. खरे पाहता अंगावर जास्त लहरी येतात त्या बहुतेक वेळा कानाला लावलेल्या मोबाइलच्या, लांबच्या टॉवरच्या नाही.

कोणते यंत्र किती लहरी सोडते?
• टू-जीचा साधा बटणाचा फोन : बोलताना जास्तीत जास्त २ वॅटपर्यंत
• फोर-जी मोबाइल : जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास
• घरातला वाय-फाय : साधारण ०.१ वॅट
• ब्लूटूथ इयरफोन : साधारण ०.०१ वॅट किंवा त्याहून कमी

अंतर दुप्पट केले की लहरींचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून कोपऱ्यातल्या वाय-फायपेक्षा अंगाला चिकटलेला फोन महत्त्वाचा.

रेंज कमी, जोर जास्त
शेतात किंवा टिनाच्या घरात रेंजची एकच दांडी असते, तेव्हा टॉवरपर्यंत पोहोचायला फोन जास्त जोर लावतो. बॅटरी लवकर उतरते आणि लहरीही वाढतात. अशा वेळी लांबलचक बोलणे टाळावे, किंवा स्पीकरवर बोलावे.

कॅन्सर होतो का?
या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, त्या डीएनए तोडत नाहीत. जोर खूप असेल तर अंग तापते, एवढा परिणाम सिद्ध झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकले. मात्र २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध आढळला नाही. फाइव्ह-जीमुळे कोरोना पसरतो, हा २०२१ मधला व्हॉट्सॲपवरचा मेसेजही खोटाच होता.

नियम काय सांगतो?
भारतात फोनची मर्यादा (एसएआर) १.६ वॅट प्रति किलो आहे. *#०७# डायल केल्यावर बहुतेक फोनवर हा आकडा दिसतो. टॉवरची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली गेली. टॉवरबद्दल शंका असल्यास दूरसंचार विभागाच्या 'तरंग संचार' पोर्टलवर शुल्क भरून मोजणीची मागणी करता येते.

एवढे करा
• झोपताना फोन उशापासून हातभर लांब ठेवा.
• लेकरांच्या हातात फोन देताना फ्लाइट मोड लावा.
• पेसमेकर बसवलेल्यांनी फोन छातीच्या खिशात ठेवू नये. किमान १५ सेंटिमीटर अंतर राखावे.
• मायक्रोवेव्हचे दार वाकले असेल तर दुरुस्तीशिवाय वापरू नका.
• 'अँटी-रेडिएशन' स्टिकरवर पैसे घालवू नका. अंतर फुकट आहे आणि तेच कामी येते.